हरणाबाईची हरकत

तलाठ्याच्या नोकरीत माणूस काय काय दाखले देतो! रहिवासाचा, उत्पन्नाचा, वारसाचा. कवठे महांकाळला असताना तर एका गृहस्थाला त्याची शेळी त्याचीच असल्याचा दाखला मी दिलेला आहे. पण युद्ध संपल्याचा दाखला देणारा तलाठी दुसरा कुठं असेल तर मला आणून दाखवा, त्याला मी चहा पाजीन. आणि तो दाखला खोटा ठरला म्हणून तीन पानी खुलासा लिहिणाराही मीच. हे सगळं एका बाईमुळं झालं. हरणाबाई तिचं नाव. ते काढलं की अजून माझं डोकं फिरतं. आणि दुसरं कुणी तिच्याबद्दल वाकडं बोललं तर त्याहून जास्त फिरतं.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. मी भेंडखोपला होतो. भेंडखोप म्हणजे सांगली जिल्ह्याचं शेवटचं गाव. गावाला लागून ओढा, ओढ्यापलीकडं कुसळवाडी, आणि ती सातारा जिल्ह्यात. ओढा तरी केवढा? भेंडखोपची कोंबडी सकाळी सांगली जिल्ह्यातून निघायची, सातारा जिल्ह्यात अंडं घालायची आणि दुपारी घरी यायची. पण माणसांचं तसं नव्हतं. या दोन गावांत रोटी नाही, बेटी नाही, साधा रामराम नाही. कारण त्यांची लढाई चालू होती.

थट्टा करत नाही. दोन-अडीचशे वर्षांमागं म्हणे दोन्ही गावचे पुरुष मोहिमेवर गेले होते, आणि मागं राहिलेल्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून गोफणींनी लढल्या. कारण विचाराल तर भेंडखोपचं म्हणणं, कुसळवाडीनं लग्नासाठी उसनं नेलेलं जातं परत दिलं नाही. कुसळवाडीचं म्हणणं, जातं दिलं, नुसता खुंटा राहिला, तर तेवढ्यासाठी यांनी डोकी फोडली. दिवस मावळला तरी कुणी हटेना, तेव्हा दोन्हीकडच्या बायका "ऱ्हायलेलं फुडल्या पंचमीला!" असं ओरडून भाकऱ्या थापायला घरी गेल्या. तेव्हापासून दर वर्षी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ती लढाई पुढं चालू होते. नवी नव्हे हं. तीच. पुढं कुण्या गोऱ्या साहेबानं दगडांवर बंदी घातली, म्हणून बायकांनी दगड टाकले आणि शिव्या उचलल्या. हलगी कडाडते, दोन्ही काठांवर शंभर-शंभर बायका पदर खोचून उभ्या राहतात, आणि दिवस मावळेपर्यंत असा मारा चालतो की गावातले गडी दारं लावून आत बसतात. मीही पहिल्या वर्षी शांतता राखायला म्हणून गेलो होतो. पाच मिनिटांत माझ्या पणजीपर्यंत उद्धार झाला, तोही दोन्ही काठांवरून. परत म्हणून गेलो नाही.

भेंडखोपच्या फळीत सगळ्यात पुढं हरणाबाई असायची. पंचावन्नच्या आसपास वय, काटक, काळीसावळी, आणि आवाज असा की ती शेतातून हाक मारायची आणि चावडीत माझी दौत हलायची. लग्नानंतर चौथ्या वर्षी नवरा साप चावून गेला. मूलबाळ नाही. दिरांनी वाटणी करताना तिच्या पदरात ओढ्याकाठचं दोन एकर टाकलं, म्हणजे जमीन कसली, नुसते धोंडे. तिनं हूं की चूं केलं नाही. तीस वर्षं ती धोंडे वेचत होती. बहात्तरच्या दुष्काळात दिवसभर सडकेवर खडी फोडायची, सरकारनं वाटलेली सुकडी खायची आणि संध्याकाळी येऊन स्वतःच्या रानात बांधाला दगडांची ताल रचायची. त्या रानात आता शाळू माणसाच्या डोक्यावर जायचा. मी सातबारा लिहिणारा माणूस. गावातलं इंच न् इंच रान मला ठाऊक. पण एवढं हातानं घडवलेलं रान मी दुसरं पाहिलं नाही.

आणि समोरच्या फळीत पुढं असायची कुसळवाडीची साळूबाई. तीही विधवा, पण भरल्या घरातली. चार मुलगे, सुना, नातवंडं. तीस वर्षं त्या दोघी समोरासमोर. बाकी वर्षभर ओढ्याच्या दोन बाजूंना दोघी आपापल्या रानात खुरपत असायच्या, पण एक शब्द नाही. शत्रूशी असं अधूनमधून बोलायचं नसतं, अशी रीत.

तर, चौऱ्याहत्तर साल. राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली म्हणून सगळीकडं इतिहासाचं वारं होतं. सरकारात कुणाच्या तरी डोक्यात आलं की किल्ल्यांचं बघतोय, पण लढाया झाल्या त्या जमिनींचं काय? निघालं परिपत्रक. ऐतिहासिक रणभूमी संपादन व जतन अनुदान. जिथं लढाई झाली ती जमीन सरकार ताब्यात घेणार, तारेचं कुंपण घालणार, फलक लावणार, पहारेकरी नेमणार. आणि अशा गावाला डांबरी रस्ता आणि नळाचं पाणी.

आमचे सरपंच लालासाहेब यांनी ते माझ्या हातून ओढून घेतलं. "भाऊसाहेब, आपल्याकडं लढाई हाय की! आयतीच!"

अर्जात रकाने फार होते. युद्धाचं कारण, या रकान्यात मी जातं लिहायला घेतलं तर लालासाहेबांनी माझा हात धरला. "जातं काय लिवताय? स्वराज्य लिवा." हत्ती किती, घोडे किती, पायदळ किती. "हत्ती दोन लिवा. हत्ती नसला तर अर्ज खालीच ऱ्हाईल." पुढं कळलं की कुसळवाडीचे सरपंच हंबीरराव यांनीही साताऱ्याला अर्ज टाकलाय, आणि त्यात हत्ती चार आहेत.

दोन जिल्ह्यांचे दोन अर्ज सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका कार्यालयात एकत्र आले आणि तिथले दातारसाहेब जागा बघायला आले. साहेब सज्जन, हळू बोलणारे, पांढरी टोपी, बगलेत नियमांचं पुस्तक. बरोबर टंकयंत्र काखोटीला मारलेला कारकून. साहेबांनी पहिलाच प्रश्न केला, "हत्ती कुठे पडले?"

लालासाहेबांनी तयारी ठेवली होती. ओढ्याच्या वळणावर उकरून हाडं दाखवली. साहेब वाकून बघत राहिले. "सरपंच, ही म्हैस आहे."

"त्या काळात हत्ती बारीकच असायचं, सायेब," लालासाहेब म्हणाले. तोंडावरची माशी हलली नाही.

साहेबांनी हत्ती खोडले. बाकी सगळं त्यांना पटलं. दोन काठ, मोर्च्याची जागा, गोफणीचे गुंडे, दोन्ही गावची एकसारखी हकीकत. मग त्यांनी पेन उघडून विचारलं, "आणि हे युद्ध संपलं कधी?"

 अर्जुना नावाचा आमचा म्हातारा कोतवाल म्हणाला, "संपलंय कुठं, सायेब? औंदा पंचमी हाय की."

साहेबांनी पुस्तक उघडलं. अट क्रमांक सात. युद्ध निश्चितपणे समाप्त झालेलं असावं. चालू युद्धाची जमीन ऐतिहासिक धरता येत नाही. ते म्हणाले, "चालू असेल तर हा विषय माझ्याकडे येतच नाही. तो संरक्षण खात्याकडे जाईल." समाप्त झालं असेल तर दोन्ही पक्षांची संमती आणि स्थानिक महसूल कर्मचाऱ्याचा तसा दाखला जोडावा. स्थानिक महसूल कर्मचारी म्हणजे मी.

अडीचशे वर्षांत पहिल्यांदा दोन्ही गावचे सरपंच बोलायला बसले. कुठं? तर ओढ्याच्या मधोमध. लालासाहेब पलीकडच्या काठावर जायला तयार नाहीत, हंबीरराव अलीकडं यायला तयार नाहीत, म्हणून पाण्यात बाज टाकली आणि दोघं पाय वर घेऊन तिच्यावर बसले. मी गुडघाभर पाण्यात उभा, कागद डोक्यावर. हरलं कोण यावर दोन तास गेले. शेवटी कुस्ती सोडवतात तशी लढाई बरोबरीत सोडवायची ठरली. यंदा कुणी बाई तोंड उघडणार नाही. जी उघडेल तिच्या घराला नळ नाही. पहारेकऱ्याची जागा कुसळवाडीला, फलकावर पहिलं नाव भेंडखोपचं. आणि जमीन? पलीकडं सरकारी गायरान होतं, तिथं कुणाचं काही जात नव्हतं. अलीकडं सर्व्हे नंबर एकशेबारा, दोन एकर तीन गुंठे.

म्हणजे हरणाबाईचं रान.

लढल्या बायका आणि तह केला या दोन बाप्यांनी. मला ते तेव्हाच खटकलं होतं, पण मी बोललो नाही. सरकारी माणूस बोलत नाही, तो टिपण लिहितो. युद्धसमाप्तीच्या दाखल्याचा नमुना कुठल्याच दप्तरात नव्हता, म्हणून मी मृत्यूच्या दाखल्याचा कागद घेतला. मयताचं नाव, तिथं 'युद्ध' लिहिलं. वय, अंदाजे दोनशे पन्नास. कारण, म्हातारपण. सही, शिक्का. मग नियमाप्रमाणे चावडीवर नोटीस लावली: सदर युद्ध समाप्त झाल्याबद्दल कुणाची हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी.

दुसऱ्याच दिवशी हरणाबाई ती नोटीस भिंतीवरून काढून, तिला लागलेल्या खळीसकट, माझ्यापुढं घेऊन आली.

"भाऊसाहेब, ह्यात काय लिवलंय ते वाचा."

मी वाचलं. ती उभ्यानं ऐकत होती.

"युद्ध कुनी संपिवलं?"

"सरपंचांनी. दोन्हीकडच्या."

"त्ये कवा लढलं?"

मी टाक पुसू लागलो.

"माझं रान जानार म्हनं?"

"मोबदला मिळेल की, बाई."

"मोबदल्यात शाळू उगवतुया व्हय?" तिचा आवाज चढला, आणि चढता चढताच फाटला. ती मटकन खाली बसली. "आवं, त्या रानात माती कमी आन् माझी हाडं जास्त हायती वो. त्यावर तार ठोकनार? आन् म्या कुटं जाऊ? दिरांच्या दारात भाकरी मागू?"

मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मी चिडतो, हा माझा स्वभाव. "मग हरकत घे की! नुसती रडतेस काय?" मी खेकसलो.

तिनं पदरानं नाक पुसलं. "लिवा."

आता गंमत बघा. दाखला माझा, आणि त्यावरची हरकत लिहिणाराही मीच, कारण तिला अक्षर येत नव्हतं. तिनं सांगितलं तसं लिहिलं: 'मी, हरणाबाई, राहणार भेंडखोप, लिहून देते की माझं युद्ध संपलेलं नाही. मी तीस वर्षं पुढच्या फळीत असून तह करताना मला कुणी विचारलं नाही. सरपंच लढाईच्या दिवशी घरात कडी लावून बसतो, त्याला विचारू नये.' खाली अंगठा. शेवटचं वाक्य गाळतो म्हटलं तर तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी ते अधोरेखित करून दिलं.

सुनावणीला मीच तिला विश्रामबागेला घेऊन गेलो. माझीही साक्ष होतीच. एसटीनं सांगली, तिथून पुढं चालत. साहेबांसाठी तिनं भुईमुगाच्या शेंगा बांधून आणल्या होत्या. साहेबांनी त्या घेतल्या नाहीत, पण कारकुनानं घेतल्या.

"बाई, युद्ध चालू असल्याचा तुमच्याकडे पुरावा काय?" साहेबांनी विचारलं.

"पंचमीच्या दुसऱ्या दिशी या. कानानं ऐका."

साहेबांनी पुस्तक चाळलं. माणूस प्रामाणिक होता, अडवणुकीचा हेतू नव्हता. ते म्हणाले, "मी येईन. पण युद्धाला दोन पक्ष लागतात. तुम्ही एकट्याच बोललात तर ते युद्ध होत नाही, तो शांतताभंग होतो. पलीकडून शत्रूनं उत्तर दिलं तर युद्ध चालू धरून मी हा प्रस्ताव परत करीन. उत्तर आलं नाही, तर जमीन संपादनाचा हुकूम त्याच दिवशी, तिथंच."

"येईल उत्तर," हरणाबाई म्हणाली. परतीच्या एसटीत मात्र तिनं मला तीनदा विचारलं, "साळी बोलंल न्हवं, भाऊसाहेब?"

मी काय सांगणार? मला ठाऊक होतं की पहारेकऱ्याच्या जागेवर साळूबाईच्याच थोरल्या लेकाचं, सोपानचं नाव लागलंय. ते मी तिला सांगितलं नाही.

पंचमी झाली. दुसऱ्या दिवशी बारीक भुरभुर होती. आमच्या काठावर दातारसाहेब छत्री घेऊन खुर्चीवर, शेजारी कारकून पोत्यावर टंकयंत्र ठेवून तयार. दोन्ही सरपंचांनी बायकांना मुद्दाम काठावर आणून बसवलं होतं, शांततेचा पुरावा म्हणून. आणि एखादीला राहवलं नाही तर? त्यावर हंबीररावांनी तोड काढली होती. प्रत्येकीच्या तोंडात गुळाचा मोठा खडा. दोन्ही काठांवर दोनशे बायका गाल फुगवून बसलेल्या, हूं नाही की चूं नाही. पलीकडं मधोमध साळूबाई, तिच्यामागं सोपान उभा, अंगात पहारेकऱ्याचा खाकी सदरा आधीच शिवून घातलेला.

हरणाबाई एकटी उठली. पदर खोचला आणि पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

"आगं ए साळे! तोंडाला बूच मारलं व्हय गं तुज्या? का दात पडलं सगळं? तुज्या गावच्या म्हशी ताकच देत्यात, दूध म्हायती न्हाई त्यास्नी! तुमचं कोंबडंबी सरपंचाला इचारून आरवतंय गं! तुजी पुरनपोळी खाऊन कुत्र्याचा दात हलला, अजून त्यो दवाखान्यात हाय!"

ही आपली सुरुवात. पुढचं लिहिण्यासारखं नाही. कारकून बिचारा धावत होता. "बाई, जरा सावकाश, मी अजून कुत्र्यापाशीच आहे," असं म्हणायचा, आणि ती खरंच थांबून त्याला गाठू द्यायची.

पण पलीकडं कुणी हलेना. साळूबाई खाली मान घालून बसली होती. गाल फुगलेला, नजर पायाच्या अंगठ्यावर. हरणाबाईनं तिचं माहेर काढलं, सासर काढलं, ते अडीचशे वर्षांपूर्वीचं जातं काढलं. तासभर झाला. दोन तास झाले. तिचा तो दौत हलवणारा आवाज बसत बसत नुसती घरघर राहिली. हलगीवाल्यानं हलगी काखेत धरली. आमच्या बायका गूळ चघळत रडत होत्या. तोंडात गूळ धरून रडणारी शंभर माणसं मी आयुष्यात एकदाच पाहिली, आणि देवाशपथ सांगतो, हसू आलं नाही.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "भाऊसाहेब, हुकूम तयार करा," ते हळूच म्हणाले. त्यांनाही ते म्हणताना बरं वाटलं नाही. मी बोरू... कसला बोरू, पेन उघडलं. लालासाहेब छाती काढून पुढं आले.

हरणाबाई खाली चिखलात बसली होती. आपल्या रानाकडं तिनं एकदा वळून बघितलं. मग पलीकडं बघितलं, डोक्यावरून पदर सारखा केला, आणि उरल्यासुरल्या आवाजात म्हणाली,

"साळूबाई, जेवलासा का वो? तब्येत बरी न्हाई का तुमची? जावा, घरला जाऊन पडा. तुमी दमला आसशीला."

आता हे बाहेरच्याला कळायचं नाही. लढाईच्या दिवशी काठावर उभ्या असलेल्या बाईला बाई म्हणायचं नाही, तुम्ही म्हणायचं नाही, खुशाली विचारायची नाही. तसं केलं म्हणजे तिला लढाईतून काढून टाकलं. म्हातारी झालीस, तुझ्याशी आता काय भांडायचं, असा त्याचा अर्थ. जिला हे ऐकावं लागलं ती पुन्हा काठावर येत नाही. दोन्ही काठांवरून एकदम 'अगाई गं' असा आवाज उठला, गुळासकट.

साळूबाईची मान वर आली. चेहरा लालभडक. सोपाननं खांदा धरला तो तिनं झटकला. तोंडातला गुळाचा खडा तिनं असा थुंकला की तो ओढा ओलांडून सांगली जिल्ह्यात पडला.

"कुनाला बाई म्हन्तीस गं, हरने? कुनाला तुमी म्हन्तीस? तुज्या तोंडाला आग लागली ती! म्या दमले? तुजी आख्खी भावकी गाढवावर बसवून विट्याच्या बाजारात इकून यीन, मग दमंन! उठ की, चिखलात काय लोळतीस म्हशीवानी? उठ!"

हरणाबाई उठली. ताडकन उठली. मघाचा बसलेला आवाज कुठून परत आला देव जाणे. मग काय विचारता! दोनशे गुळाचे खडे पाण्यात पडले, हलगी कडाडली आणि लढाईला तोंड फुटलं. सरपंच दोघंही पहिल्या माऱ्यातच पळाले. दातारसाहेब नियमाला धरून जागेवर बसले. त्यांच्या टोपीचा, छत्रीचा आणि अख्ख्या विश्रामबागेचा उद्धार झाला, तरी ते हलले नाहीत. कारकुनानं अकरा पानं टंकली आणि फीत संपली म्हणून हात वर केले.

दिवस मावळायच्या आत साहेबांनी निकाल दिला. माझ्याकडं अजून त्याची नक्कल आहे. 'प्रत्यक्ष पाहणीत युद्ध चालू असल्याचं आढळून आलं. सबब जमीन संपादनाचा प्रस्ताव परत करण्यात येत आहे. युद्ध समाप्त झाल्यानंतर शंभर वर्षांनी प्रस्ताव पुन्हा सादर करावा.' त्याखाली दुसरा परिच्छेद माझ्यासाठी होता: चालू युद्धाला मयत दाखवल्याबद्दल संबंधित तलाठ्याचा खुलासा मागवावा.

रस्ता गेला, नळ गेला. लालासाहेब माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत, ते एक बरंच झालं. सोपाननं तिथंच काठावर खाकी सदरा काढला आणि घडी करून काखेत मारला.

"ऱ्हायलेलं फुडल्या पंचमीला!" म्हणून बायका पांगल्या. हरणाबाई तेवढी रानातच राहिली. निकालाचा कागद तिला वाचून दाखवावा म्हणून मी बांधावरून निघालो, तर ओढ्यात कुणीतरी उभं दिसलं. साळूबाई होती, लुगडं गुडघ्यापर्यंत धरून पाण्याच्या मधोमध. अलीकडं हरणाबाई. रीत मोडून दोघी बोलत होत्या. मी तालीच्या आड थांबलो. चोरून ऐकणं वाईट, मला माहीत आहे. पण पाय निघेना.

"तुज्या सोपानची नोकरी गेली की गं," हरणाबाई म्हणत होती. "नळ गेला. घरात तुला तुकडा तरी घालतील का आता? का बोललीस? म्या तर चिडून म्हनले गं, रान जातंय म्हनून म्हनले."



"घरात मला म्हातारी म्हन्त्यात," साळूबाई म्हणाली. "गावात सोपानची आई. मालक हुतं तवा 'आगं ए' म्हनायचं. आई-बा जाऊन तीस वर्सं झाली. तवापास्नं माजं नाव घेनारी तू एकलीच, हरने. वर्सातनं एक दिस. तू बाई म्हनलीस, तवा म्हनलं, झालं. आता हिच्या लेखीबी म्या मेले."

हरणाबाईनंही लुगडं गुडघ्यापर्यंत धरलं. ती पाण्यात उतरली, चार पावलं पुढं गेली आणि थांबली. 

"साळे," ती म्हणाली. मग परत एकदा, जरा मोठ्यानं, "साळे गं."